ओढ्याची वाट

पदार्थविज्ञान शिकविण्यांत माझीं एकतीस वर्षें गेलीं. या काळांत ‘संरक्षी बल’ आणि ‘असंरक्षी बल’ या दोन शब्दांपाशीं मी दरवर्षीं येत असें, आणि दरवर्षीं तेथें माझें बोलणें क्षणभर अडखळत असे. मुलांना वाटे, मास्तरांना पुढचें वाक्य आठवत नाहीं. वाक्य मला चांगलें आठवत असे. पण त्याच्या आधीं आठवत असे तो एक बैल.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला बिद्रीचें नांव ठाऊक असेल तें बहुधा तेथल्या साखर कारखान्यामुळें. कागल तालुक्यांतलें हें गांव. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचीं नांवें धारण करणारा सहकारी कारखाना येथें उभा आहे. थंडी पडूं लागली, कीं त्याच्या धुराड्यांतून धूर निघूं लागतो, मळीचा आंबूस वास वाऱ्यावर पसरतो, आणि रस्त्यांवर उंसाचीं कांडीं व वाढे विखुरलेले दिसूं लागतात. आतां ट्रॅक्टरांची वर्दळ फार. पण माझ्या लहानपणीं रात्रभर ऐकूं येत तीं बैलगाड्यांचीं चाकें आणि बैलांच्या गळ्यांतले घुंगुर.

आमचें शेत कारखान्यापासून फार दूर नव्हतें. शेतापासून वजनकाट्यापर्यंत जाण्यास दोन वाटा होत्या. एक वळसा घालून जाणारी टणक सडक, पांच किलोमीटरांची. दुसरी बांधाबांधानें जाऊन ओढ्यांत उतरणारी व पलीकडे चढणारी, तीन किलोमीटरांची. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असूं, ते भरली गाडी नेहमीं सडकेनें नेत आणि रिकामी गाडी ओढ्याच्या वाटेनें परत आणीत. यांत कांहीं शास्त्र असेल, अशी शंकाहि मला कधीं आली नाहीं.

१९७८ सालीं मी कोल्हापुरास कॉलेजांत विज्ञानाच्या पहिल्या वर्षांत होतों. नाताळच्या सुट्टीच्या अगोदर प्राध्यापकांनीं एक प्रकरण सुरू केलें. फळ्यावर त्यांनीं दोन ठिपके काढले. एक खालीं, एक वर. त्यांना जोडणाऱ्या तीन रेघा ओढल्या: एक सरळ, एक कमानीसारखी, आणि एक कळप चुकलेल्या मेंढरासारखी भरकटणारी. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वस्तु खालच्या ठिपक्यापासून वरच्या ठिपक्यापर्यंत नेण्यास लागणारें काम तिन्ही रेघांवर सारखेंच असतें, असें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. पाण्यानें भरलेली घागर शिडीनें माळ्यावर न्या, जिन्यानें न्या, किंवा साऱ्या गांवाला प्रदक्षिणा घालून न्या. पृथ्वी तुमच्यापासून जें घेईल तें केवळ उंचीच्या मापानें घेईल. आणि तीच घागर तुम्हीं पुन्हा पहिल्या जागीं आणून ठेवलीत, तर घेतलें तेवढें सर्व ती परत करील, हिशेब शून्य.

या सिद्धांतानें मी भारून गेलों. इतकी सचोटी मीं कोणत्याहि दुकानांत पाहिली नव्हती. सुट्टींत घरीं आलों तो हा सिद्धांत नव्या अंगरख्यासारखा अंगावर मिरवीतच आलों.

घरीं आबा तापानें अंथरुणावर पडलेले होते. उंसाची तोड झालेली, गाडी भरून उभी, आणि आमची पाळी त्याच दिवशींची. मी म्हटलें, गाडी मी नेतों. आबांनीं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलें आणि ‘सडकेनं जा’ एवढेंच सांगितलें.

दोन्ही वाटा फुटतात त्या ठिकाणीं बैल आपण होऊन सडकेकडे वळले. मी कासरा ओढून त्यांना थांबविलें. माझ्या डोळ्यांपुढें फळ्यावरचे दोन ठिपके आले. शेत हा एक ठिपका, काटा हा दुसरा. दोहोंच्या उंचींतला फरक ठरलेला. तर मग काम दोन्ही वाटांनीं सारखेंच. मात्र ओढ्याच्या वाटेनें वेळ वांचणार. अडाण्यांच्या संवयीला विज्ञानानें दिलेलें हें उत्तर मला फार गोड वाटलें. मीं बैलांचीं तोंडें ओढ्याकडे वळविलीं.

वरच्या अंगाच्या शेतांतलें पाटाचें पाणी ओढ्यांत झिरपून आलें होतें. डावें चाक चिखलांत शिरलें आणि तुंब्यापर्यंत रुतलें. मीं आरडाओरड केली, आणि सांगण्यास लाज वाटते, पण चाबूकहि चालविला. बैलांनीं जोर केला. त्यांच्या तोंडांतून फेंस गळूं लागला. गाडी वीतभरहि हलली नाहीं. अशी अर्धी घटका गेली असेल नसेल, डावा बैल पुढच्या गुडघ्यांवर कोसळला आणि जुंवाचा सारा भार त्याच्या मानेवर आला. शेजारच्या शेतांतलीं माणसें धांवून आलीं. त्यांनीं मोळ्या उतरविल्या, बैल सोडविला, गाडी ओढून कांठाला लावली. बैल जगला, परंतु त्याचा गुडघा जो सुजला तो बरा झाला नाहीं, आणि त्यानंतर त्याच्या मानेवर जूं कधीं चढलें नाहीं. राहिलेला हंगाम आबांनीं पैऱ्यानें दुसऱ्याचा बैल आणून काढला.

त्या रात्रीं मीं आबांची क्षमा मागावयास हवी होती. ती न मागतां मीं त्यांना सिद्धांत सांगितला.

“आबा, दोन्ही वाटांनी काम सारखंच होतं. आमच्या पुस्तकात सिद्ध केलंय. आणि गाडी परत जाग्यावर आली, की सगळं मिळून काम शून्य.”

आबा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आसंल. पुस्तक कशाला खोटं बोलंल? पर मग बैलाच्या तोंडाला फेस कशानं आला, तेवढं इचार तुझ्या मास्तरला.”

मीं मास्तरांना तें विचारलें नाहीं. विचारण्याची गरजहि उरली नाहीं. कारण सुट्टी संपल्यावर त्यांनीं तेंच प्रकरण पुढें चालविलें, आणि पहिल्याच दिवशीं सांगितलें कीं, मागचा नियम सर्व बलांना लागू नाहीं. तो लागू पडतो गुरुत्वाकर्षणाला, ताणलेल्या स्प्रिंगेच्या बलाला, स्थिर विद्युद्भारांच्या आकर्षणाला व प्रतिसारणाला. हीं संरक्षी बलें. इंग्रजींत यांनाच कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात. घर्षणाला, हवेच्या विरोधाला, चिखलाच्या चिकटपणाला तो लागू नाहीं. हीं असंरक्षी. माझें अर्धें ज्ञान सुट्टीच्या अलीकडे राहिलें होतें आणि अर्धें पलीकडे. आणि मधल्या खळग्यांत एक बैल पडला होता.

पण व्याख्या पाठ होणें निराळें आणि ती उमगणें निराळें. मला ती उमगली पुढें फार दिवसांनीं, शाळेंत शिकवूं लागल्यावर, जेव्हां एका रात्रीं मीं कागद घेऊन आमच्या दोन वाटांचा हिशेब मांडला तेव्हां. तो हिशेब येथें देतों. आंकडे अंदाजाचे आहेत. पण गोष्ट स्पष्ट होण्यास ते पुरे आहेत.

गाडी व ऊंस मिळून दीड टन धरूं. म्हणजे वजन सुमारें १५,००० न्यूटन. काटा शेतापेक्षां दहा मीटर उंच आहे असें समजूं. तर गुरुत्वाकर्षणाचें देणें १५,००० गुणिले १०, म्हणजे १,५०,००० जूल. सडकेनें जा, ओढ्यानें जा, हा आंकडा बदलत नाहीं. ओढ्यांत उतरतांना पृथ्वी कांहीं देते, पलीकडे चढतांना तेवढेंच परत घेते. येथवर माझा सिद्धांत बरोबर होता.

आतां दुसरें खातें. टणक सडकेवर चाकाला होणारा विरोध वजनाचा पन्नासावा हिस्सा धरला, तर तो ३०० न्यूटन. पांच हजार मीटरांला १५,००,००० जूल. मऊ, ओल्या वाटेवर तोच विरोध वजनाचा दहावा हिस्सा धरला, तर १,५०० न्यूटन. तीन हजार मीटरांला ४५,००,००० जूल. म्हणजे जवळची वाट तिपटीनें महाग. आणि ज्या दीड लक्षाच्या सारखेपणावर भुलून मी त्या वाटेनें गेलों, तो आंकडा या पंचेचाळीस लक्षांपुढें चिल्लर होता.

गुरुत्वाकर्षण ही एक सचोटीची पेढी आहे. तुम्ही कोणत्या गल्लीनें आलांत हें ती विचारीत नाहीं. किती उंच आलांत एवढेंच पाहते, तेवढी रक्कम तुमच्या नांवें जमा करते, आणि उतरतांना पैन् पै परत देते. म्हणून प्रत्येक जागेवर एक आंकडा लिहितां येतो: येथें असलेल्या वस्तूची ठेव इतकी. याच ठेवीला स्थितिज ऊर्जा म्हणतात. तिचें इंग्रजी नांव रँकिन यानें १८५३ सालीं रूढ केलें. घर्षण हा मात्र जकातनाका आहे, आणि तोहि एका ठिकाणीं उभा नसून पावलापावलावर पसरलेला. जातांना जकात, येतांनाहि जकात. आपण पुढें जातों तेव्हां तें मागें ओढतें. आपण मागें फिरलों तर तें पुढें ओढतें. म्हणून फिरून पहिल्या जागीं आल्यावर हिशेब शून्य होत नाहीं. वाट लांबेल तसतशी रक्कम वाढतच जाते. आणि म्हणूनच घर्षणाच्या नांवें कोणत्याहि जागेवर ठराविक आंकडा लिहितां येत नाहीं. काट्यावर उभी असलेली गाडी पाहून सांगा, तिनें घर्षणाला किती दिलें? पंधरा लक्ष कीं पंचेचाळीस? गाडी पाहून तें सांगतां येणार नाहीं. त्यासाठीं तिची वाट विचारावी लागते.

माझी चूक येथेंच झाली. मीं वाटेला विचारलें नाहीं. दोन ठिपके पाहिले आणि मधलें सारें सारखेंच मानलें.

‘शून्य’ या शब्दानेंहि मला असेंच फसविलें. गाडी शेतांत स्थिर होती, काट्यावर जाऊन पुन्हा स्थिर झाली, आणि संध्याकाळीं परत येऊन तेथेंच उभी राहिली. रिकाम्या गाडीपुरतें पाहिलें तर तिच्यावर सर्व बलांनीं मिळून केलेलें काम खरोखरच शून्य. पण तें शून्य ही बेरीज आहे. एका बाजूला बैलांनीं लक्षावधि जूल घातले, दुसऱ्या बाजूनें घर्षणानें तेवढेच काढून नेले. दोन मोठ्या रकमा एकमेकींवर पडून जें शून्य उरतें तें निराळें, आणि मुळांत कोणी कांहींच केलें नाहीं म्हणून जें शून्य असतें तें निराळें. आबांना मीं पहिल्या शून्याचें नांव घेऊन दुसरें ऐकविलें होतें.

आणि चाक रुतलें त्या वेळचा फेंस? तेथें तर पुस्तकाची आणखी गंमत आहे. गाडी हललीच नाहीं. म्हणून पुस्तकी अर्थानें बैलांनीं गाडीवर कांहींच काम केलें नाहीं. परंतु प्राण्याचा स्नायु म्हणजे खुंटीला बांधलेला दोर नव्हे. दोर फुकट ताण धरून राहतो. स्नायु ताण धरतो तेव्हां त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला शरीरांतलें इंधन जळतें, आणि त्याची उष्णता होते. गाडी जागची न हलतां बैल आंतून झिजत होता. फेंसाला हें उत्तर होतें, आणि तें मी आबांना त्या रात्रीं देऊं शकलों नाहीं.

मग हें सारें जातें कोठें? या प्रश्नापाशीं विज्ञानहि पुष्कळ काळ थांबलें होतें. घर्षणाचा विरोध वस्तूच्या भाराच्या प्रमाणांत असतो, हें आमोंताँ यानें १६९९ सालीं मांडलें. पण विरोधांत खर्ची पडलेल्या कामाचें काय होतें, हें त्यावरून कळत नव्हतें. १७९८ सालीं रमफर्ड यानें म्युनिक येथें तोफांना छिद्र पाडतांना धातु तापत राहतो याकडे लक्ष वेधलें. घासत राहा, उष्णता निघतच राहते. पुढें १८४५ च्या सुमारास जूल यानें एक साधा प्रयोग केला. दोरीला बांधलेलीं वजनें खालीं सोडलीं, त्यांच्या ओढीनें पाण्यांतलीं वल्हीं फिरविलीं, आणि पाणी किती तापलें तें मोजलें. वजनें उतरलीं ती गुरुत्वाकर्षणाची ठेव. वल्ह्यांनीं पाणी घुसळलें तो घर्षणाचा नाका. आणि नाक्यावर दिलेली सारी रक्कम उष्णतेच्या रूपानें तेथेंच सांपडली. १८४७ सालीं हेल्महोल्ट्झ यानें हा हिशेब साऱ्या सृष्टीला लागू करून मांडला. ऊर्जा नाहींशी होत नाहीं. तिचें रूप पालटतें.

आमच्या ओढ्याच्या वाटेवरचे ते पंचेचाळीस लक्ष जूल उष्णतेंत मोजले, तर त्यांत साधारण तेरा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आमच्या घरच्या बंबांतलें एका माणसाच्या आंघोळीचें पाणी! तेवढी ऊब आमच्या बैलांनीं चिखलाला, चाकाला, आंसाला आणि डिसेंबरच्या वाऱ्याला वांटून टाकली होती. ती गोळा करून कोणाला बंब पेटवितां येणार नाहीं. रुपया मोडून त्याचा खुर्दा करावा आणि तो जत्रेंत उधळावा, तसें हें आहे. पैसा नष्ट झाला नाहीं. पण तो पुन्हा तुमच्या हातीं रुपया होऊन येणार नाहीं. अणुरेणूंच्या पातळीवर पाहिलें तर तेथलीं बलें बहुतेक त्या सचोटीच्या पेढीसारखींच आहेत. घर्षणाचें असंरक्षीपण येतें तें केवळ ही उधळण कोट्यवधि हातांत विखुरते म्हणून.

आबांना जूल हें नांव ठाऊक नव्हतें. पण सडकेनें जातांना ते मध्येंच गाडी थांबवीत, खालीं उतरत, आणि चाकाच्या तुंब्यावर तळवा ठेवीत. तुंबा ऊन लागला, कीं साटीखालीं टांगलेल्या नळकांड्यांतलें वंगण काढून आंसाला लावीत. मी गाडीवर बसून कंटाळत असें. बैलांचें बळ कोठें गळतें आहे हें तो माणूस हातानें मोजीत होता, आणि गळती बुजवीत होता. हें समजण्यास मला पदवी घ्यावी लागली.

घर्षणाला मी येथें चोर ठरवितों आहें, असें वाचकांनीं समजूं नये. घर्षण नसतें तर बैलाचा खूर जमिनीला धरून राहिला नसता, आणि उतारावर भरली गाडी आंवरली नसती. रोडक्या बैलांचा गाडीवान उतारावर चाकाला अटकाव लावतो, तेव्हां तो पेढीनें दिलेली रक्कम आपल्या हातानें जकातींत भरतो. न भरली तर गाडी बैलांच्या अंगावर येईल. संरक्षी बलें आपली ठेव सांभाळतात, असंरक्षी बलें आपल्याला थांबूं देतात. संसाराला दोन्ही लागतात. फक्त एकीचा नियम दुसरीला लावूं नये.

हा नियम ओळखून मोठाल्या यंत्रांचाहि कारभार चालतो. आमच्या दूधगंगेवर वर काळम्मावाडीला धरण आहे. तेथें अडलेलें पाणी म्हणजे उंचीवर ठेवलेली ठेवच. सह्याद्रींत घाटघर येथें तर एकच पाणी खालीं-वर नेण्याची योजना आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हां खालच्या जलाशयांतलें पाणी पंपानें वर चढवावयाचें, आणि मागणी वाढली कीं तेंच खालीं सोडून वीज करावयाची. प्रत्येकीं १२५ मेगावॅटांचीं दोन यंत्रें तेथें आहेत. गुरुत्वाकर्षण यांत एक कवडीहि ठेवून घेत नाहीं. तरीहि अशा योजनांतून शंभर भाग वीज घातली तर सत्तर ते ऐंशी भागच परत येते. राहिलेली नळांच्या भिंती, पाण्याचे भोंवरे, यंत्रांचे आंस आणि तापलेल्या तारा जातां-येतां घेतात. तेथले अभियंतेहि आबांसारखेच तुंब्यावर तळवा ठेवून असतात, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें वर्गांत मीं या प्रकरणाची रीत बदलली. व्याख्या आधीं सांगण्याचें सोडलें. आधीं दोन वाटा काढावयाच्या, एक गाडी काढावयाची, आणि विचारावयाचें, ‘कोणत्या वाटेनें न्याल?’ हुशार मुलें पुस्तक वाचून आलेलीं असत. तीं म्हणत, ‘कोणत्याहि. काम सारखेंच.’ शेतकऱ्यांचीं मुलें गप्प राहत, आणि मग मागच्या बांकावरून कोणी तरी हळूच विचारी, ‘सर, वाटेत चिखल हाय का?’ त्या दिवशींचा माझा पाठ तेथेंच पुरा होई.

तो कागदावरचा हिशेब मीं आबांना दाखविला होता. ते तेव्हां थकलेले होते. सोप्यांत घोंगडीवर बसून होते. मी आंकडे वाचीत गेलों: दीड लक्ष, पंधरा लक्ष, पंचेचाळीस लक्ष. शेवटीं जें कित्येक वर्षांपूर्वीं म्हणावयास हवें होतें तें म्हटलें, “आबा, माझं चुकलं होतं. वाट सारखी नव्हती.”

आबा हंसले. म्हणाले, “आरं, एवढी आकडेमोड कशाला? वाट फुटती तितं बैल कुणीकडं वळलं व्हतं?”

मी म्हटलें, “सडकेकडं.”

“मग?” आबा म्हणाले, आणि तो कागद त्यांनीं नीट घडी घालून उशाखालीं ठेवला.